शस्त्रक्रियेनंतर प्राण्याची प्रकृती बिघडते आणि बिल वाढत जाते तेव्हा

बिजलीच्या पोटावरचे टाके सहाव्या दिवशी उसवले. ती आमची सहा वर्षांची देशी कुत्री. गर्भपिशवीत पू झाल्यामुळे ऐन मे महिन्यात तिची शस्त्रक्रिया करावी लागली होती, आणि ती सुखरूप पार पडली म्हणून घरातले सगळे निश्चिंत झाले होते. त्यानंतरचे एकोणीस दिवस रोजचे ड्रेसिंग, दुसऱ्यांदा भूल, पुन्हा टाके आणि रक्ताच्या तपासण्या यांत गेले. पहिल्या दिवशी आम्हाला १८ हजार रुपयांचा अंदाज सांगितला होता. अखेरचा आकडा ६१ हजारांवर गेला. नंतर सगळ्या पावत्या एकत्र मांडून पाहिल्या तेव्हा लक्षात आले की, दुसरी शस्त्रक्रिया सोडली तर एकही मोठी रक्कम आम्ही विचार करून खर्च केलेली नव्हती. आज एक तपासणी, उद्या एक इंजेक्शन, परवा आणखी एक रात्र मुक्काम, अशा लहान लहान गोष्टींना आम्ही दारात उभ्या उभ्या होकार देत गेलो होतो. उपचाराचा निर्णय आणि पैशाचा निर्णय एकाच वेळी, एकाच वहीत लिहून घ्यावा, एवढे एक सूत्र मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर बिजलीचेही हाल कमी झाले असते आणि आमचेही. पुढचे सगळे विवेचन त्या सूत्राला धरून आहे.

वही साधी, शाळेची असली तरी चालते. डाव्या पानावर प्राण्याची प्रकृती लिहावी: सकाळ-संध्याकाळचे तापमान, किती खाल्ले, किती पाणी प्यायले, लघवी आणि शी केव्हा झाली, कोणते औषध किती वाजता दिले, जखम कशी दिसते. उजव्या पानावर त्याच दिवसाचा खर्च लिहावा आणि प्रत्येक रकमेपुढे ती कशासाठी दिली हे एका वाक्यात नोंदवावे. जखमेचा फोटो रोज एकाच वेळी, एकाच बाजूने आणि पुरेशा उजेडात काढून ठेवावा. सूज कालच्यापेक्षा वाढली की उतरली, हे आठवणीच्या भरवशावर कोणालाही नीट सांगता येत नाही. फोटो शेजारी शेजारी ठेवले की डॉक्टरांना अर्ध्या मिनिटात कळते.

काय स्वाभाविक आणि काय धोक्याचे

गुंतागुंत जितकी लवकर ओळखली जाते तितका तिचा खर्च कमी होतो, म्हणून हा भाग सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. भूल उतरताना प्राणी थरथरतो, कुंथतो, अडखळत चालतो आणि पहिली रात्र गुंगीत काढतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्या दिवशी जखमेच्या कडा किंचित लालसर असणे आणि फिकट गुलाबी पाण्याचा एखादा थेंब दिसणे हेही चालण्यासारखे आहे. मात्र पहिल्या २४ तासांत हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोट फुगू लागले, प्राणी थंड आणि निपचित झाला किंवा जखमेतून रक्त ठिबकत राहिले, तर आतल्या रक्तवाहिनीची गाठ सैल होऊन पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. हिरडी बोटाने दाबून सोडावी. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ही चाचणी शस्त्रक्रियेच्या आधीच एकदा करून पाहावी, म्हणजे आपल्या प्राण्याच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसतो. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

कुत्र्याचे आणि मांजराचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसाचा ताप हा त्यांचा निरोगीपणा असतो. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात मोजलेले तापमानच विश्वासार्ह धरावे. नाक गरम आहे की थंड यावरून काहीही ठरत नाही. तापमान १०३ च्या वर टिकून राहिले किंवा ९९ च्या खाली गेले, तर फोन करावा. श्वास मोजायचा तो प्राणी गाढ झोपलेला असताना आणि खोली थंड असताना, कारण आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात जागा कुत्रा धापा टाकतच असतो. झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास असणे समाधानकारक असते.

तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान जखम आपले खरे रूप दाखवते. टाक्यांखाली मऊ, पाण्याच्या पिशवीसारखी, फारशी न दुखणारी सूज आली तर ते बहुधा साचलेले द्रव असते; अनेकदा ते आपोआप जिरते आणि ते घरी दाबून काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. जागा गरम आणि टणक लागत असेल, हात लावल्यावर प्राणी गुरगुरत किंवा ओरडत असेल, पिवळसर स्राव आणि दुर्गंधी येत असेल, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दाखवावे. टाके सुटून कडा दूर झाल्या असतील तरीही त्याच दिवशी. आणि जखमेतून पोटातला एखादा अवयव बाहेर डोकावू लागला, तर तो आत ढकलू नये. सलाईनने भिजवलेल्या स्वच्छ सुती कापडाने झाकून, प्राण्याला चाटू न देता, सरळ दवाखाना गाठावा. सतत उलट्या होणे, दिवसभर लघवी न होणे आणि दोन दिवस अन्नाला तोंड न लावणे हीही वाट पाहत बसण्याची लक्षणे नव्हेत. मांजराच्या बाबतीत उपासमार अधिक गंभीर असते. दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून मूळ दुखण्यापेक्षा मोठे दुखणे उभे राहते.

बिजलीचे टाके का उसवले, याचे उत्तर माझ्याकडे स्पष्ट आहे. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेल्या शंकूसारख्या कॉलरमुळे तिला रात्री झोपता येत नव्हते, आईला तिची दया आली, मलाही आली, आणि मी ती कॉलर काढली. पहाटेपर्यंत तिने चाटून चाटून तीन टाके सोडवले होते. काहीशे रुपयांची ती कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, रात्रंदिवस गळ्यात राहिली पाहिजे. जेवताना काढायची असेल तर समोर बसून राहावे आणि वाटी रिकामी झाली की लगेच पुन्हा चढवावी. प्लास्टिकची कॉलर अगदीच सोसत नसेल तर हवा भरलेली कॉलर किंवा पोट झाकणारा सुती अंगरखा यांपैकी काय चालेल हे डॉक्टरांना विचारावे, पण दयेपोटी सुट्टी देऊ नये.

घरगुती उपायांविषयीही येथेच सांगणे आवश्यक आहे. हळद-तेल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही शस्त्रक्रियेच्या जखमेवर लावू नये. हळद आपल्या घरात औषध म्हणून पूजनीय आहे हे खरे, परंतु टाक्यांवर बसलेला तिचा थर जखमेचा खरा रंग झाकतो, धूळ धरून ठेवतो आणि चाटण्याला आमंत्रण देतो. स्पिरिट आणि पेरॉक्साइड नव्याने भरत असलेल्या ऊतींना इजा करतात. माणसांची वेदनाशामके तर हातीही घेऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि आयबुप्रोफेनमुळे कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेदना आहे असे वाटले तर डॉक्टरांकडून प्राण्याच्या वजनानुसार औषध लिहून घ्यावे.

नागपूरच्या हवेचा वेगळा विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी कूलर चालू असतो. कूलरच्या ओल्या झोतासमोर झोपलेल्या प्राण्याची पट्टी दमट राहते आणि दमट पट्टीखाली जखम चिघळते. प्राण्याला झोताच्या कडेला, कोरड्या सुती चादरीवर ठेवावे आणि पट्टी ओलसर लागताच बदलून घ्यावी. पावसाळ्यात धोका माश्यांचा असतो. उघड्या जखमेवर बसलेल्या माशीची अंडी एका दिवसात अळ्या होतात आणि अळ्या मांस पोखरत आत जातात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्याला अंगणात किंवा जिन्याखाली बांधू नये, घरातच जाळीच्या आड ठेवावे. दवाखान्यात नेताना भर दुपारची वेळ टाळावी. रिक्षाने जायचे असेल तर जाड चादर झोळीसारखी धरून दोघांनी उचलावे, काखेत धरून उचलल्याने पोटावरच्या टाक्यांना ताण बसतो.

दवाखान्यात काय विचारावे

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल, तर एक गोष्ट आग्रहाने करून घ्यावी. आपल्याकडे गोचीड मुबलक आहेत आणि गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया किंवा बबेसिया या जंतूंचा ताप कुत्र्याच्या अंगात दीर्घकाळ दबा धरून राहू शकतो. त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी होतात, आणि कुत्रा वरवर ठणठणीत दिसत असतानाही शस्त्रक्रियेत रक्त थांबत नाही. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, तपासणीत प्लेटलेट्सचा आकडा स्वतः पाहावा. निरोगी कुत्र्यात तो साधारण २ ते ५ लाख असतो. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल आणि आकडा फार खाली असेल, तर आधी तापाचा उपचार आणि मग शस्त्रक्रिया हाच शहाणपणाचा क्रम ठरतो. गर्भपिशवीत पू झालेला असेल तर मात्र फार थांबता येत नाही. तेव्हा रक्त देण्याची तयारी ठेवूनच पुढे जावे लागते. रक्तदात्या कुत्र्याचा शोध आधीच घेऊन ठेवावा: तरुण, निरोगी, लसीकरण झालेला, २५ किलोंपेक्षा जास्त वजनाचा आणि गोचीड तापासाठी तपासलेला. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना तीव्र प्रतिक्रिया सहसा येत नाही. मांजराला मात्र रक्तगट तपासल्याशिवाय कधीही रक्त देऊ देऊ नये.

गुंतागुंत झाल्यावर डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा घाईने होकार देऊ नये. पहिला प्रश्न असा असावा: नेमके काय झाले आहे, आणि ते नक्की समजले आहे की अजून शंका आहे? दुसरा: आज काहीच केले नाही आणि उद्यापर्यंत थांबलो, तर काय बिघडेल? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: ही तपासणी केली आणि निष्कर्ष अमुक आला, तर उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल, तर ती तपासणी आज करण्याचे कारण उरत नाही. उलट पू येत असेल तर त्याचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, पाठवण्याचा खर्च टाळू नये. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे त्यातून कळते. आमच्याकडे ते आठ दिवस उशिरा झाले, आणि त्या आठ दिवसांत दिलेली महागडी इंजेक्शने त्या जंतूवर चालतच नव्हती.

पैशाचे बोलणे लाजिरवाणे नाही. बहुतेक पशुवैद्य हे रोज ऐकतात, आणि मर्यादा आधी कळली तर त्यांनाही उपचारांचा क्रम लावता येतो. स्पष्ट शब्दांत सांगावे: “डॉक्टरसाहेब, आज माझ्याकडे वीस हजारांची सोय आहे आणि आठवड्याभरात आणखी दहा होतील. एवढ्यात तिच्यासाठी सर्वांत गरजेचे काय आहे ते आधी करू या.” मी हे वाक्य बाराव्या दिवशी उच्चारले. डॉक्टर मॅडमनी त्याच क्षणी कागद ओढला, रोजच्या मुक्कामाऐवजी सकाळी आणून संध्याकाळी घरी नेण्याची व्यवस्था लावून दिली, ड्रेसिंग घरी कसे करायचे ते मला दोनदा करून दाखवले, आणि त्या दिवसापासून रोजचा खर्च निम्म्याहून खाली आला. हे बोलणे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते.

अंदाज लेखी मागावा आणि तो एका आकड्यात न घेता तीन आकड्यांत घ्यावा: सगळे सुरळीत झाले तर किती, नेहमी होते तसे झाले तर किती, आणि बिघडले तर किती. तिसरा आकडा ऐकायला नको वाटतो, परंतु घरातल्यांशी बोलायचे ते त्याच आकड्याविषयी. त्याशिवाय असेही ठरवून घ्यावे की बिल एका ठरावीक रकमेच्या पुढे जाणार असेल तर आधी फोन करून विचारले जाईल, रात्री-अपरात्री जीव वाचवण्यासाठी लागणारी गोष्ट एवढी अपवाद. उसवलेले टाके पुन्हा घालण्याचे शुल्क पूर्ण लागेल की फक्त भूल आणि साहित्याचे, हेही विचारावे. काही ठिकाणी पुनर्तपासणी आणि टाके काढणे मूळ शुल्कातच धरलेले असते, आणि न विचारल्यास ते नव्याने लावले जाऊ शकते.

प्राणी दाखल असेल तर रोज संध्याकाळी त्या दिवसाचे तपशीलवार बिल घ्यावे आणि वहीच्या उजव्या पानाशी जुळवावे. औषधाचे नाव, मात्रा, किती वेळा दिले, सलाईनच्या बाटल्या, ड्रेसिंगचे साहित्य, मुक्काम, तपासण्या हे सगळे वेगवेगळे दिसले पाहिजे. आमच्या एका बिलात चार दिवस दोन-दोन सलाईन लावल्याची नोंद होती, तर डाव्या पानावर तीन दिवशी एकच बाटली दिसत होती. शांतपणे दाखवल्यावर ती दुरुस्त झाली. आरोप न करता, नोंद पुढे ठेवून विचारले की अशा चुका तिथल्या तिथे मिटतात. प्राण्यांच्या आरोग्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याने दिलेल्या सेवेला जीएसटीतून सूट आहे. सल्ला किंवा शस्त्रक्रिया यांच्या शुल्कावर तो वेगळा आकारलेला दिसला तर विचारणा करावी. बाहेरच्या दुकानातून घेतलेल्या औषधांचा प्रश्न वेगळा.

औषधांवरचा खर्च कमी करता येतो. डॉक्टरांना घटकद्रव्याचे नाव लिहून द्यायला सांगावे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट किंवा पॅन्टोप्राझोल यांसारखी, प्राण्यांनाही दिली जाणारी औषधे जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात. मात्र बदललेली गोळी देण्यापूर्वी तिचा फोटो डॉक्टरांना पाठवून मात्रा पुन्हा विचारावी. गोड पातळ औषध असेल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) नाही याची खात्री करावी, कारण ते कुत्र्याला विषारी असते. पट्ट्या, सलाईन आणि हातमोजे घाऊक औषध दुकानातून घेतले तर दवाखान्याच्या दरापेक्षा स्वस्त पडतात. आधी विचारले तर कोणी हरकत घेत नाही.

नागपुरात दुसरे दार कोणते

नागपूरकर या बाबतीत सुदैवी आहेत. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या शहरात आहे आणि त्याच्या अंतर्गत येणारे, १९५८ मध्ये सुरू झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. तिथल्या चिकित्सालयात शल्यचिकित्सा, मादी प्राण्यांचे प्रजननविकार आणि औषधोपचार यांचे स्वतंत्र प्राध्यापक प्राणी तपासतात, आणि शुल्क खासगी दवाखान्याच्या तुलनेत बरेच कमी असते. तिथे वेळ लागतो, विद्यार्थी भोवती उभे राहतात, एकच गोष्ट तीनदा विचारली जाते. पण त्या तीनदा विचारण्यातूनच बिजलीच्या आधीच्या गोचीड तापाचा इतिहास बाहेर आला. सकाळी लवकर पोहोचावे आणि प्राण्याला खाऊ घालून नेऊ नये, कारण त्याच दिवशी भूल द्यावी लागू शकते. पाणी केव्हापर्यंत द्यायचे ते आधी फोनवर विचारून घ्यावे. रात्रीची आणीबाणी आली तर मात्र जवळचा जो दवाखाना उघडा असेल तोच योग्य, म्हणून आपल्या भागात रात्री कोण डॉक्टर येतात याची चौकशी संकट येण्यापूर्वी करून क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. त्यांना सांगूनच जावे आणि निघताना शस्त्रक्रियेची टिपणे, भुलेसाठी वापरलेली औषधे, रक्ताचे सर्व अहवाल, एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या मूळ प्रतिमा, आणि आजवर दिलेल्या औषधांची मात्रेसह यादी मागून घ्यावी. ही फाईल हाती नसेल तर नव्या ठिकाणी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून होतात आणि प्राण्याला पुन्हा सुया टोचल्या जातात. मुंबईला नेण्याचा सल्ला मिळाला तर विचारपूर्वक पाऊल उचलावे. एकटा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्याला त्या प्रवासाचाच ताण होतो. प्रवास तो सोसेल का, हे पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे.

पैसे कुठून आणावेत

आमच्या घरी या प्रश्नावरून दोन रात्री कोणी धड जेवले नाही. बाबांचे म्हणणे होते की घरच्या प्राण्याला अर्ध्यावर सोडता येत नाही, आणि बहिणीच्या परीक्षेच्या शुल्कासाठी ठेवलेले पैसे मोडू नयेत हे आईचे म्हणणेही तितकेच खरे होते. शेवटी वहीतला तिसरा आकडा समोर ठेवून आम्ही एक मर्यादा ठरवली आणि तिच्या आत राहूनच पुढचे निर्णय घेतले. कोणत्याही कुटुंबाने हे बोलणे पहिल्या दोन दिवसांत करावे, कारण प्राणी व्हेंटिलेटरवर असताना ते करता येत नाही.

कर्ज काढायचेच असेल तर क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. महिन्याला ३ ते ४ टक्के व्याज म्हणजे वर्षाला मूळ रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. कार्यालयातली कर्मचारी पतसंस्था, भिशीचा नंबर अदलाबदल करून घेणे, किंवा बँकेचे सोनेतारण हे त्यापेक्षा स्वस्त पडतात. दवाखान्याला हप्ते मागता येतात. निम्मी रक्कम आज आणि उरलेली दोन पगारांत, असे लेखी दिले तर पुष्कळ डॉक्टर मान्य करतात. मिलाप किंवा केट्टोसारख्या संकेतस्थळांवर किंवा परिचितांत वर्गणी मागायची असेल तर अंदाजपत्रक, आजवरची बिले आणि जखमेचा सौम्य फोटो जोडावा, पैसे शक्यतो थेट दवाखान्याच्या खात्यात वळते करावेत आणि दर दोन-तीन दिवसांनी जमा-खर्च कळवावा. विम्याची पॉलिसी आधीपासून असेल तर दाखल करतानाच कंपनीला कळवावे आणि मूळ बिले, अहवाल, प्राण्याची ओळख पटवणारे छायाचित्र जपून ठेवावे; आजार झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत तोच आजार सहसा धरला जात नाही, म्हणून संकटाच्या मधोमध ती विकत घेण्यात पैसे घालवू नयेत.

चूक झाली असे वाटत असेल तर

टाके उसवणे, जंतुसंसर्ग, द्रव साचणे हे काळजीपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेनंतरही घडते, आणि केवळ ते घडले म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. परंतु पोटात कापसाचा बोळा राहिला, संमतीवाचून दुसरीच शस्त्रक्रिया झाली किंवा धोक्याची लक्षणे कळवूनही दाद मिळाली नाही, तर प्रश्न वेगळा होतो. प्रथम डॉक्टरांना लेखी पत्र देऊन उत्तर मागावे. निम्मे गैरसमज तिथेच संपतात. व्यावसायिक आचरणाची तक्रार भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ नुसार चालणाऱ्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करता येते. भरपाई हवी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, ५ लाख रुपयांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे शब्द टिकत नाहीत, कागद टिकतो, आणि त्या कागदांची सुरुवात आपल्या वहीपासून होते. प्राणी दगावला असेल आणि कारणाविषयी शंका असेल, तर दफन करण्यापूर्वी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाची विनंती करावी. शरीर बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर न्यावे, गोठवू नये. तो निर्णय फार कठीण असतो, पण उशीर झाल्यावर तो घेताच येत नाही.

थांबायचे केव्हा

या विषयावर लिहिताना मला जड जाते, तरी तो टाळणे अप्रामाणिकपणा होईल. तिसऱ्यांदा भूल द्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना सरळ विचारावे: ती बरी होईल का, आणि बरी झाली तर कशी जगेल? वहीच्या डाव्या पानावरचे मागचे पाच दिवस वाचावेत. ती स्वतःहून खाते का, वेदनेवाचून झोपते का, स्वतःची जागा ओली न करता उठू शकते का, आपण घरात आलो की मान उचलते का? वाईट दिवस चांगल्या दिवसांहून अधिक होत चालले असतील आणि डॉक्टरांनाही सुधारणेची आशा उरली नसेल, तर दयामरण हा उपचाराचाच भाग समजावा. ते पशुवैद्याच्या हातूनच, आधी गुंगी देऊन, घरच्यांच्या उपस्थितीत व्हावे. पैसे संपले म्हणून हा निर्णय घ्यावा लागला तरी त्या माणसाला कोणी दूषण देऊ नये. प्राण्याला रस्त्यावर किंवा कोणाच्या दारात सोडून देणे मात्र अमानुष आहे आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे.

बिजली वाचली. दुसऱ्यांदा घातलेले टाके चौदाव्या दिवशी निघाले, आणि त्या दिवशीही काही कामे राहिली होती. टाके काढल्यावर लगेच आंघोळ घालू नये आणि पुढचा आठवडाभर जिना व उड्या टाळाव्यात. दाखल करताना रक्ताचा जो अहवाल बिघडलेला होता, मग तो प्लेटलेट्सचा असो की मूत्रपिंडाचा, तो दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावा. इथे खर्च वाचवू नये. डिस्चार्जच्या कागदावर काढलेल्या अवयवांची नोंद, वापरलेली भुलेची औषधे आणि कोणत्या औषधाची बाधा झाली हे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण पुढच्या वेळी वेगळा डॉक्टर असू शकतो. अखेरचे बिल चुकते केल्याची पावती घ्यावी. न उघडलेल्या औषधांच्या पट्ट्या बिलासह दुकानात नेल्या तर अनेक औषधविक्रेते परत घेतात. आमच्या परत गेलेल्या चार पट्ट्यांचे पैसे वहीच्या उजव्या पानावरची शेवटची नोंद ठरले.